‘डर्टी वॉटर’: बॉस्टनच्या ‘घाण पाण्या’च्या गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनला शिकायला किंवा नोकरीला नवीन आलेलं कुणीतरी मित्रांबरोबर फेनवे पार्कात बेसबॉल बघून येतं. खेळातलं फारसं काही कळलेलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी प्रश्न ठरलेला: ‘शेवटी ते कुठलं गाणं लावलं होतं, आणि सगळी माणसं आनंदानं वेडी का झाली होती?’ तिथून एकाला एक प्रश्न जोडला जातो आणि गाडी नदीच्या सांडपाण्यापर्यंत जाते. हीच उत्तरं मी इतक्यांदा दिली आहेत की एकदाची लिहून टाकलेली बरी.

मॅच जिंकल्यावर वाजतं ते गाणं कोणतं?

‘डर्टी वॉटर’. बँडचं नाव द स्टँडेल्स. रेकॉर्ड १९६५ च्या अखेरीस आली. काही महिने तिला कुणी विचारलंही नाही, मग १९६६ मध्ये ती हळूहळू चढत अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेली. तीन मिनिटांच्या आत संपतं. गिटारवरची एक छोटी, हट्टी ओळ पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्यावर एक उनाड पोरगा बोलावं तसं गाणं. एकदा ऐकलं की दोन दिवस ती गिटार डोक्यातून जात नाही.

गाण्यात आहे तरी काय?

‘माझ्या गावाची एक गोष्ट सांगतो’ अशा थाटात सुरुवात होते. मग बॉस्टनच्या चार्ल्स नदीचा काठ येतो. तिथे कोण भेटतं? प्रेमी जोडपी, वाटमारे आणि चोर. गायक म्हणतो, हीच आपली मंडळी. पुढे रात्री बाराच्या आत परतावं लागणाऱ्या वैतागलेल्या बायका येतात, एका खुनी माणसाचा ओझरता उल्लेख येतो. आणि धृपदात, हे घाण पाणीच आपल्याला आवडतं, बॉस्टन म्हणजेच आपलं घर.

शहराची स्तुती म्हणावी असं यात एकही वाक्य नाही. ना इतिहास, ना विद्यापीठं, ना स्वातंत्र्यलढा. ज्या गावाला स्वतःच्या इतिहासाचा इतका अभिमान आहे, त्याच्या लाडक्या गाण्यात इतिहासाचा एक शब्द नाही, हे मला फार आवडतं.

बँड बॉस्टनचाच असेल ना?

नाही. इथेच खरी गंमत आहे. स्टँडेल्स लॉस एंजेलिसचे, म्हणजे देशाच्या थेट दुसऱ्या टोकाचे. गाणं रेकॉर्ड झालं तेही तिकडेच, आणि तोवर यांच्यापैकी कुणी बॉस्टनला पाऊलही ठेवलेलं नव्हतं. ड्रम वाजवता वाजवता गाणारा डिक डॉड लहानपणी डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमात ‘माउसकेटिअर’ म्हणून नाचत-गात असे. ऑर्गनवर लॅरी टँब्लिन, गिटारवर मूळचा इटलीचा टोनी व्हॅलेंटिनो, बेसवर गॅरी लेन. ती प्रसिद्ध गिटारची ओळ व्हॅलेंटिनोची. सुरुवातीचं ‘माझ्या गावाची गोष्ट’ हे बोलणं डॉडनं ऐनवेळी आपल्या मनानं घातलं असं सांगतात. ज्या गावात तो कधी गेलाच नव्हता, ते ‘माझं गाव’!

बँडला हे गाणं सुरुवातीला फारसं पसंतही नव्हतं. पसंत नसलेल्या त्याच गाण्यावर पुढे त्यांची सगळी ओळख उभी राहिली.

मग लिहिलं कुणी, आणि का?

त्यांचा निर्माता एड कॉब यानं. हा आधी ‘द फोर प्रेप्स’ या चौकडीत गायचा. तो बॉस्टनला गेला असताना पुलावर त्याला लुटायचा प्रयत्न झाला, आणि त्या रागातून हे गाणं निघालं अशी गोष्ट आहे. खरी असेल तर मानलंच पाहिजे. माणूस पोलिसांत जातो, हा घरी जाऊन गाणं लिहितो, आणि लुटारूंनाही त्यात ‘आपली मंडळी’ म्हणून बसवतो.

याच कॉबचं दुसरं गाणं तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. १९६५ मध्ये ग्लोरिया जोन्सनं गायलेलं ‘टेंटेड लव्ह’ त्याचंच. तेव्हा ते चाललं नाही. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीनं ते सिंथेसायझरवर केलं आणि जगभर गाजलं. कॉब १९९९ मध्ये वारला. त्याआधी दोनच वर्षं ‘डर्टी वॉटर’ फेनवे पार्कात वाजायला लागलं होतं.

रात्री बाराच्या आत परतणाऱ्या बायका म्हणजे कोण?

कॉलेजच्या हॉस्टेलातल्या मुली. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत मुलींच्या वसतिगृहांना रात्रीची वेळ ठरलेली असे. उशीर झाला तर नोंद, शिक्षा, घरी पत्र. मुलांना असं बंधन नसे, किंवा नावापुरतं असे. गाण्यातला टोमणा बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलांना होता असं मानतात, आणि ती इमारतींची रांग नदीला लागूनच आहे. साठच्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून हे नियम बहुतेक ठिकाणी मोडीत काढले.

हे वाचून इथल्या मराठी मुलींना हसू येतं. आपल्याकडच्या हॉस्टेलात रेक्टरबाईंसमोर रजिस्टरवर सही करून आलेल्या मुलीला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

आणि तो खुनी?

‘बॉस्टन स्ट्रँगलर’. १९६२ ते १९६४ या काळात बॉस्टन परिसरात १३ स्त्रियांचे खून झाले, बहुतेक गळा आवळून. अल्बर्ट डीसाल्व्हो या माणसानं कबुली दिली, पण या खुनांसाठी त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. तो दुसऱ्याच गुन्ह्यांसाठी तुरुंगात गेला आणि १९७३ मध्ये तिथेच त्याचा खून झाला. २०१३ मध्ये डीएनए तपासणीतून शेवटच्या खुनाशी त्याचा संबंध जुळला. बाकीच्यांबद्दल वाद अजून आहेत.

गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा ही प्रकरणं ताजी होती, शहरातल्या बायका दाराला जास्तीची कुलपं लावत होत्या. त्याची अशी सहज थट्टा करणं मला खटकतं. स्टेडियममध्ये नाचताना ती ओळ कुणी लक्षपूर्वक ऐकत नाही, हे बरंच.

‘डर्टी वॉटर’चं मराठी काय करायचं? गढूळ पाणी?

नको. गढूळ म्हणजे माती मिसळलेलं. पहिल्या पावसाची नदी गढूळ असते आणि त्यात वाईट काही नाही. ‘मळकं पाणी’ फार सौम्य, कपडे भिजवलेल्या बादलीची आठवण करून देणारं. ‘सांडपाणी’ वस्तुस्थितीला धरून आहे, पण ते म्युनिसिपालिटीच्या पत्रात शोभतं. ‘घाण पाणी’ हेच बरोबर. नाक मुरडून म्हणता येतं आणि आपल्याच माणसाला ‘घाणेरडा कुठला’ म्हणतो तसं लाडानंही म्हणता येतं. गाण्याला दोन्ही हवं आहे.

पाणी खरंच इतकं घाण होतं का?

होतं. नावाजलेल्या शहराच्या मधोमध वाहणारी नदी म्हणून लाज वाटावी इतकं.

चार्ल्स नदी उगम पावते हॉपकिंटनच्या एको लेकमध्ये. हॉपकिंटन, ॲशलंड या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा उगम अगदी घराजवळ. बॉस्टन मॅरेथॉनही हॉपकिंटनमध्येच सुरू होते आणि ४२ किलोमीटरमध्ये शहरात पोचते. नदी मात्र तेवढ्यासाठी सुमारे १३० किलोमीटर भटकते, इकडे वळ, तिकडे वळ. मूळ रहिवाशांच्या भाषेत तिला क्विनोबेक्विन, म्हणजे वळणावळणाची, म्हणत असं सांगतात. जॉन स्मिथनं १६१६ मध्ये नकाशा छापला तेव्हा इंग्लंडच्या राजपुत्र चार्ल्सनं तिला स्वतःचंच नाव दिलं. मोठ्यांचं काय, हवं ते नाव द्यावं.

इतकी संथ, इतकी वळणाची नदी म्हणजे घाण वाहून न्यायची ताकद कमी. तिच्या काठावर गिरण्या, कारखाने, कत्तलखाने उभे राहिले आणि सगळ्यांनी आपलं आपलं पाण्यात सोडलं. १९१० मध्ये मुखाशी धरण बांधून भरती-ओहोटी थांबवली, तेव्हा दिवसातून दोनदा उघडा पडणारा दुर्गंधीचा चिखल झाकला गेला. पण आत येणारं आतच साठू लागलं. शिवाय जुन्या शहरांची नेहमीची अडचण होतीच: पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून. कोरड्या दिवशी ते चालून जातं. जोराचा पाऊस आला की नळ भरतो आणि उरलेलं सगळं सरळ नदीत. होडी उलटून कुणी पाण्यात पडलं तर त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन देत, असं जुनी माणसं सांगतात. पोहणं पन्नाशीच्या दशकातच बंद झालेलं.

म्हणजे लॉस एंजेलिसच्या मुलांनी न पाहता गायलं, तरी खोटं काही गायलं नाही.

आता कशी आहे नदी?

आता ती अमेरिकेतल्या स्वच्छ शहरी नद्यांमध्ये गणली जाते, आणि ही गोष्ट गाण्याइतकीच सांगण्यासारखी आहे.

१९६५ या एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या. कॅलिफोर्नियात हे गाणं रेकॉर्ड झालं. बॉस्टनमध्ये नदीसाठी झगडणारी चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. आणि ऑक्टोबरमध्ये ‘हेड ऑफ द चार्ल्स’ ही होड्यांची शर्यत पहिल्यांदा भरली, ती आज जगातल्या मोठ्या शर्यतींपैकी एक आहे. कुणाला कुणाची खबर नव्हती. तिकडे पाण्याला नावं ठेवणं चाललेलं, इकडे लोक ते स्वच्छ करायच्या मागे लागलेले.

पुढे १९७२ चा क्लीन वॉटर ॲक्ट आला. ऐंशीच्या दशकात बॉस्टन बंदराच्या प्रदूषणावर कोर्टात खटले चालले, न्यायालयाच्या देखरेखीखाली डिअर आयलंडवर सांडपाणी शुद्ध करणारा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९९५ पासून केंद्राच्या पर्यावरण खात्यानं नदीला शाळेसारखं प्रगतिपुस्तक द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी शेरा मिळाला ‘डी’. मग चोरून जोडलेले मैल्याचे नळ एकेक करून शोधले गेले, पावसाचं आणि मैल्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी वेगळं केलं गेलं. शेरा ‘बी’ झाला, ‘ए’च्या आसपासही पोचला. २०११ मध्ये नदीला आंतरराष्ट्रीय ‘रिव्हरप्राइझ’ मिळालं. आणि जुलै २०१३ मध्ये, पन्नासहून जास्त वर्षांनी, सर्वसामान्य माणसांना परवानगीनं नदीत उडी मारता आली.

हे काही कुणी एका दिवसात ‘स्वच्छता मोहीम’ काढून, झाडू हातात घेऊन फोटो काढून केलेलं नाही. सगळी लढाई जमिनीखालच्या नळांशी होती, आणि तिथे फोटो निघत नाही.

म्हणजे आम्ही पोहू शकतो?

मनात आलं म्हणून नाही. शहरातल्या भागात फक्त परवानगी काढून आयोजित केलेल्या दिवशी, तेही धक्क्यावरून खोल पाण्यातच उतरायचं. तळाच्या गाळात जुन्या कारखान्यांची विषारी देणगी अजून आहे, त्यामुळे पाय टेकवायचे नसतात. उन्हाळ्यात कधीकधी निळ्या-हिरव्या शेवाळाची साय येते, तेव्हा कुत्र्यालाही पाण्याजवळ नेऊ नका. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस कयाकही नको.

आणि फेनवे पार्काच्या जवळून वाहत येऊन चार्ल्सला मिळणारी मडी रिव्हर नावाची छोटी नदी आहे, तिचं प्रगतिपुस्तक अजूनही आईबाबांना दाखवण्यासारखं नाही.

पण पाणी तर तपकिरीच दिसतं! मग स्वच्छ कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आईवडील भारतातून आले की पुलावर उभे राहून हमखास म्हणतात, ‘एवढं कौतुक सांगत होतास, आणि हे काय?’

तो रंग चहाचा आहे, आणि कारणही चहाचंच. वरच्या अंगाला नदी मोठ्या पाणथळ जागांमधून येते. तिथे कुजणाऱ्या पानांमधून, वनस्पतींमधून टॅनिन पाण्यात उतरतं, जसं पातेल्यातल्या चहापत्तीतून उतरतं. हा रंग जंगलातून आलेल्या पाण्याचा, गटाराचा नव्हे. उलट वरच्या या पाणथळ जागा बांधकामापासून वाचवल्या, विकत घेऊन मोकळ्या ठेवल्या, म्हणून शहरात पूर कमी येतो. म्हणजे नदी पूर्ण निर्मळ झाली तरी दिसायला ‘डर्टी’च राहणार.

हे गाणं स्टेडियममध्ये कसं शिरलं?

फार उशिरा. साठच्या दशकानंतर ते जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. १९७२ मध्ये लेनी के यानं ‘नगेट्स’ नावाचा जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. गॅरेजमध्ये तालीम करणाऱ्या, एखादंच गाणं गाजवून गायब झालेल्या बँडांचा. त्यात ‘डर्टी वॉटर’ होतं, आणि पुढच्या पंक रॉकवाल्यांनी तो संग्रह पोथीसारखा वाचला. गॅरेज रॉक हा शब्द रूढ झाला तोही साधारण याच मंडळींमुळे.

१९९७ पासून बॉस्टन रेड सॉक्स घरच्या मैदानावर जिंकले की शेवटचा खेळाडू बाद होताच हे गाणं लावू लागले. आइस हॉकीचा ब्रुइन्स संघही लावतो. जिंकल्यावर लावायचं, हरल्यावर नाही, हा नियम फार महत्त्वाचा ठरला. कारण तेव्हा रेड सॉक्स म्हणजे हरण्यासाठीच प्रसिद्ध. १९१८ नंतर त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकलेली नव्हती. बेब रूथ या महान खेळाडूला न्यूयॉर्कच्या संघाला विकल्याचा शाप लागलाय असं म्हणायची पद्धत होती. २००४ मध्ये, ८६ वर्षांनी, ते जिंकले. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी उतारवयातले स्टँडेल्स स्वतः फेनवे पार्कात येऊन हे गाणं वाजवून गेले. ‘माझ्या गावाची गोष्ट’ सांगणारा डॉड त्या गावात, त्या गावकऱ्यांसमोर! त्या सिरीजची शेवटची मॅच मात्र सेंट लुईसमध्ये झाली, त्यामुळे विजेतेपदाच्या क्षणी फेनवेमध्ये हे गाणं वाजायला २०१३ उजाडावं लागलं.

परक्यांनी नावं ठेवली तर राग यायला हवा. बॉस्टनवाल्यांना का नाही आला?

मला वाटतं, गायक स्वतःला बाहेर ठेवत नाही म्हणून. ‘तुमची नदी घाण’ असं म्हटलं असतं तर भांडण होतं. तो ‘आपली’ म्हणतो. आपल्या गावात खड्डे आहेत, पाणी एक दिवसाआड येतं, रिक्षावाले उर्मट आहेत, असं आपण तासभर सांगू शकतो आणि पाहुण्यानं मान डोलावली की आपल्यालाच झोंबतं. स्टँडेल्स पाहुणे असून घरच्यासारखे बोलले आणि चालून गेलं. शिवाय त्या काळचं बॉस्टन खरोखर थकलेलं, कारखाने बंद पडत चाललेलं शहर होतं. रेडिओवर कुणी तरी आपलं नाव घेतंय, तेही ठेक्यात, याचंच अप्रूप.

बॉस्टनचे स्वतःचे मोठे बँड आहेत की. त्यांचं गाणं का नाही?

आहेत ना. एरोस्मिथ, द कार्स, जे. गाइल्स बँड, आणि ज्यांनी थेट शहराचंच नाव घेतलं तो ‘बॉस्टन’. मोठमोठी गाणी दिली, पण शहराबद्दल गाण्याची बुद्धी फारशी कुणाला झाली नाही. २००५ मध्ये ड्रॉपकिक मर्फीज या स्थानिक बँडनं ‘आय ॲम शिपिंग अप टू बॉस्टन’ केलं, शब्द वुडी गथ्री या लोकगायकाच्या जुन्या कागदांतले. तेही स्टेडियमांत दणदणून वाजतं. ते अंगावर काटा आणतं, हे हसवतं.

आणि ‘स्वीट कॅरोलाइन’?

ते वेगळं. नील डायमंडचं १९६९ चं गाणं, आठव्या इनिंगच्या (बेसबॉलच्या मॅचमधल्या नऊ फेऱ्यांपैकी आठवीच्या) मध्ये सगळं मैदान मिळून गातं, संघ पुढे असो वा मागे. बॉस्टनशी त्याचा तसा काहीही संबंध नाही. एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनवर बॉम्बहल्ला झाल्यानंतर काही दिवसांतच डायमंड स्वतः फेनवेला येऊन गाऊन गेला, तेव्हापासून मात्र त्याला कुणी परकं म्हणत नाही.

‘डर्टी वॉटर’मध्ये लंडन ऐकल्यासारखं वाटतं. माझ्या कानांची चूक?

नाही. १९७९ मध्ये द इनमेट्स या इंग्लिश बँडनं बॉस्टनच्या जागी लंडन आणि चार्ल्सच्या जागी थेम्स घालून हेच गाणं केलं. चांगलं बसलं. घाण नदी प्रत्येकाकडे एक असतेच.

गाणं नदीकाठी ऐकायचं असेल तर कुठे जावं?

हार्वर्ड ब्रिजवर. नाव हार्वर्डचं, पण पूल एमआयटीच्या दारात उतरतो. पायाखाली रंगवलेल्या खुणा दिसतील: १९५८ मध्ये एमआयटीच्या पोरांनी ऑलिव्हर स्मूट या आपल्या मित्राला आडवं झोपवत झोपवत पूल मोजला. लांबी ३६४.४ स्मूट आणि एक कान. संध्याकाळी मधोमध थांबा, एका कानात गाणं लावा, दुसरा मोकळा ठेवा. सायकलवाले वेगात येतात.

तिकीट काढून गेलो आणि संघ हरला, तर?

तर गाणं नाही. लोक शांतपणे उठतात, शेंगांची टरफलं बाकांखाली तशीच राहतात. केनमोर स्टेशनपर्यंत गर्दीबरोबर चालत जायचं आणि ग्रीन लाइन पकडायची. पुढची घरची मॅच कधी आहे ते गाडीत बसल्यावर बघा.